‘तुम्ही कोण सांगणारे?’ : दीडशे वर्षांपूर्वीचे पुणेरी टोमणे आणि त्यांचा हिशेब

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे लोकलच्या गर्दीत हेडफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात सुटलेलं थोडं इथे जोडलंय.

आजचा विषय आहे टोमणा. साधासुधा नाही, राजकारणातला. म्हणजे कोणीतरी बदलाची भाषा करतं आणि लगेच परंपरेच्या बाजूने एक तिरकस वाक्य येतं. बातमीच्या खाली येतं, रीलवर येतं, काकांच्या फॉरवर्डमध्ये येतं. आपल्याला वाटतं हे सगळं मोबाईलने आणलं. मी गेले काही आठवडे एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याबद्दल वाचत होतो आणि मला सारखं वाटत होतं की हे तर ओळखीचं आहे! फक्त स्क्रीनच्या जागी छापखाना आहे.

तेव्हा ‘सुधारक’ हा शब्द अर्धी शिवी होता. नुसतं ‘आले आमचे सुधारक’ म्हटलं की ऐकणारे हसायचे. आज तशाच वापरले जाणारे दोन-तीन शब्द तुमच्या डोक्यात आले असतीलच. मी ते घेत नाही. कमेंट्समध्ये भांडायला तुम्हाला दुसरे विषय आहेत.

तेवीस वर्षांचा संपादक

२५ जानेवारी १८७४. पुण्यात एक मासिक सुरू होतं, ‘निबंधमाला’. चालवणारा विष्णुशास्त्री चिपळूणकर, वय तेवीस. बी.ए. झालेला, शाळेत मास्तर. वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर, मोठे विद्वान. आता ‘मासिक’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर संपादक मंडळ, लेखक, चित्रकार येतात. इथे तसं काही नाही. लिहिणारा जवळजवळ एकटाच. सात वर्षं, ८४ अंक. आजच्या भाषेत एकट्याने चालवलेलं चॅनलच म्हणा.

आणि लिहायचा काय! संस्कृत शिकलेला, इंग्रजी गद्य पचवलेलं, डॉ. जॉन्सनवर लांबलचक लिहिणारा हा माणूस मराठीत असा उपरोध करायचा की वाचणाऱ्याला त्याच्या बाजूला उभं राहण्याचाच मोह व्हावा. लांब वाक्य, वर वर अदब, आणि शेवटी चिमटा. मराठी गद्याला त्याने कणा दिला हे त्याचे विरोधकही नाकारत नाहीत.

त्याच्या निशाण्यावर कोण होतं? पहिले म्हणजे मिशनरी. हिंदू देवधर्म, भाषा, इतिहास सगळंच टाकाऊ आहे असं सांगणारे पाद्री आणि त्यांना दुजोरा देणारे इंग्रज लेखक. दुसरे, आपल्याच समाजातले सुधारक. त्यात मोठं नाव लोकहितवादी, म्हणजे गोपाळ हरी देशमुख. त्यांनी १८४८ पासून मुंबईच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात जी पत्रं लिहिली ती ‘शतपत्रं’ म्हणून ओळखली जातात. आळशी, अडाणी, रूढीत रुतलेला आपला समाज, अशी त्यांत सपाटून झाडाझडती होती. आणि तिसरे जोतीराव फुले, ज्यांचं ‘गुलामगिरी’ १८७३ मध्ये आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सत्यशोधक समाज सुरू झाला.

आता जरा चिपळूणकरांच्या जागी उभं राहून बघा. तुम्ही पंचविशीत आहात. देश परक्याच्या ताब्यात आहे. शाळेत साहेबाचा इतिहास शिकवला जातोय. आणि लोकहितवादींसारखा माणूस, सरकारी न्यायाधीश, रावबहादूर, आपल्याच लोकांना सांगतोय की तुम्ही मागासलेले आहात, इंग्रज आला हे बरंच झालं. राग येणार की नाही? चिपळूणकरांच्या नजरेत सुधारक हे बंडखोर नव्हतेच. ते होते व्यवस्थेतले लोक : पगारी, पदवीधारी, साहेबाशी ऊठबस असलेले. आणि आपण म्हणजे हातात फक्त लेखणी असलेला साधा माणूस.

हे नीट लक्षात ठेवा, कारण परंपरेच्या बाजूने होणाऱ्या टोमण्याचं इंजिन इथेच आहे. टोमणा मारणारा स्वतःला नेहमी छोटा समजतो. वर बसलेल्या शहाण्यांना खाली खेचतोय, अशी त्याची मनापासून खात्री असते. चिपळूणकरांनी त्याची किंमतही मोजली. रत्नागिरीला बदली झाली, ती लिखाणामुळेच असं तेव्हापासून मानलं जातं. १८७९ मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली, आणि १८८० च्या सुरुवातीला न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ आणि ‘मराठा’. टिळक, आगरकर, नामजोशी ही मंडळी बरोबर. मार्च १८८२ मध्ये चिपळूणकर वारले. वय एकतीस. म्हणजे आपल्यापैकी बरेच जण अजून ‘काय करायचं आयुष्यात’ यावर विचार करत असतात, तेवढ्यात हा माणूस सगळं करून निघून गेला.

पण आता जागा बदला. जोतीराव फुल्यांच्या घरातून बघा. तिथून चिपळूणकर अजिबात छोटे दिसत नाहीत. पिढ्यानपिढ्या विद्या ज्यांच्या घरी, त्या घरातला मुलगा. त्याने ‘गुलामगिरी’चा समाचार घेतला तेव्हा मोठा भर कशावर होता? भाषेवर आणि व्याकरणावर. माळ्याच्या घरातल्या माणसाचं मराठी कसं ओबडधोबड आहे, यावर.

फुल्यांचा मुद्दा काय होता? शूद्रातिशूद्रांना शिकूच दिलं नाही. आणि उत्तर काय मिळालं? तुम्हाला नीट लिहिता येत नाही. अहो, तोच तर मुद्दा होता! ज्या शुद्धलेखनावरून हसलात ते शिकायची शाळाच बंद होती. टोमणा अचूक लागला, आणि मुद्दा त्याच्या शेजारून तसाच निघून गेला.

गाढवाची मिरवणूक

टवाळी फक्त कागदावर होती असं समजू नका. १८७५ च्या उन्हाळ्यानंतर स्वामी दयानंद पुण्यात आले. आर्य समाजाचे संस्थापक. न्या. रानडे आणि मंडळींनी त्यांची व्याख्यानं ठरवली. गंमत बघा, दयानंद काही वेद बुडवायला निघालेले नव्हते. ते वेदांनाच प्रमाण मानत होते. पण मूर्तिपूजेला त्यांचा विरोध होता, आणि तेवढं पुरेसं झालं.

५ सप्टेंबरला सुधारकांनी त्यांची मिरवणूक काढली. तर विरोधकांनी त्याच दिवशी दुसरी मिरवणूक काढली : सजवलेलं गाढव, नाव ‘गर्दभानंद’. लोक हसले, घोषणा झाल्या, मग चिखलफेक. शब्दशः चिखल. फुले आपल्या सहकाऱ्यांसह दयानंदांच्या संरक्षणाला उतरले असं सांगितलं जातं. पुण्यातल्या रस्त्यावरचं हे पहिलं मीम म्हणायला हरकत नाही. कल्पक होतं हे मान्य करावंच लागेल. मूर्तिपूजा वेदात आहे की नाही, या दयानंदांच्या प्रश्नाला मात्र गाढवाकडे उत्तर नव्हतं.

बुलढाण्याहून आलेलं उत्तर

आता जी गोष्ट सांगणार आहे ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

१८८१ मध्ये सुरतेकडची विजयालक्ष्मी नावाची एक तरुण ब्राह्मण विधवा खटल्यात सापडली. तिला दिवस गेले होते, आणि बदनामीच्या भीतीने तिने मूल मारलं असा आरोप. फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी करण्यात आली. बातमी देशभर गाजली. आणि ‘पुणे वैभव’ या सनातनी बाण्याच्या पत्राने या निमित्ताने एकूणच बायकांवर तोंडसुख घेतलं : हल्लीच्या बायका, त्यांची चाल, त्यांचं वागणं. एका बाईच्या खटल्यावरून अख्ख्या स्त्रीजातीवर शेरेबाजी. फॉर्म्युला ओळखीचा आहे ना?

वऱ्हाडात, बुलढाण्यात, ताराबाई शिंदे नावाच्या बाईंनी ते वाचलं. वडील सत्यशोधक समाजातले. शाळा-कॉलेजचं शिक्षण नाही, घरी शिकलेल्या. त्यांनी उत्तर लिहिलं, ‘स्त्रीपुरुषतुलना’. १८८२ साली पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात छापलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे.

हे पुस्तक मिळालं तर जरूर वाचा. एवढी धारदार तिरकस मराठी त्या काळात पुरुषांनीही क्वचित लिहिली असेल. म्हणजे टोमणा मारणं ही काही फक्त सनातन्यांची मक्तेदारी नव्हती. फुलेही मारायचे, आगरकरही मारायचे. पण ताराबाईंच्या टोमण्याच्या आत एक सरळ प्रश्न आहे : जे जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत का? बायको मेली की पुरुष दुसरी करतो, मग नवरा मेल्यावर बाईनेच जन्मभर का जळायचं? हा प्रश्न तुम्ही पुस्तकातून वेगळा काढून टेबलावर ठेवू शकता. हसू उतरल्यावरही तो तिथेच असतो. मला वाटतं चांगला आणि पोकळ टोमणा ओळखायची हीच खूण आहे. हसून झाल्यावर खाली काही उरतं का, ते बघायचं.

मग झालं काय? पुस्तकाची टरच उडवली गेली. १८८५ मध्ये फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेऊन संपादकांना सुनावलं. पण ताराबाईंचं दुसरं पुस्तक कधीच आलं नाही. आणि हे पहिलंही विस्मरणात गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. १८८२ ते १९७५. त्र्याण्णव वर्षं.

त्या काळात टिंगलीची पुस्तकं मात्र बाजारात होतीच. मुलींसाठी पुण्यात हायस्कूल निघालं १८८४ मध्ये, तेच आपलं हुजूरपागा. दोन वर्षांत नारायण बापूजी कानिटकरांचं ‘तरुणी शिक्षण नाटिका’ आलं. शिकलेल्या मुली पुढे कशा बिघडतील, याचं ‘भविष्य’ सांगणारी खिल्ली. आज त्या शाळेच्या फाटकासमोर संध्याकाळी पाच मिनिटं उभं राहिलात तरी भविष्याचं काय झालं ते कळेल.

एक कप चहा

ऑक्टोबर १८९०. पुण्यातलं पंच हौद मिशन. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशींचे पती, मोठे विक्षिप्त गृहस्थ, यांनी शहरातल्या प्रतिष्ठितांना मिशनमध्ये व्याख्यानाला जमवलं. व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. ख्रिस्त्यांच्या घरचा चहा! कोणी प्यायला, कोणी घोटभर घेतला, कोणी संकोचून कप नुसता बाजूला ठेवला. हजर असलेल्यांत रानडे होते आणि टिळकही होते.

काही महिन्यांनी गोपाळरावांनी सगळ्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. त्या काळचा व्हायरल स्क्रीनशॉटच. पुण्यात हलकल्लोळ. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली, प्रायश्चित्तं निघाली. टिळकांनी आपण प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं तरी त्यांनाही त्रास चुकला नाही. रानड्यांनी आधी नकार दिला, मग मित्रांच्या अडचणी बघून प्रायश्चित्त घेतलं. त्यावर सुधारकच त्यांच्यावर चिडले.

यातली खरी गोष्ट तुम्ही पकडली का? सनातन्यांच्या पत्राने टाकलेल्या जाळ्यात सनातन्यांचे पुढारी होऊ घातलेले टिळकही सापडले. टिंगलीचं यंत्र एकदा चालू झालं की ते आपला-परका बघत नाही. त्याला रोज खाऊ लागतो.

आणि त्याच वर्षी कलकत्त्यात

आता जरा थांबा. १८९० या सालात अजून एक घटना आहे. जूनमध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी मेली. लग्न झालेलं, नवरा तिच्यापेक्षा कितीतरी मोठा. त्याने केलेल्या शरीरसंबंधात झालेल्या जखमांनी ती मेली. आणि कायद्याच्या दृष्टीने तो बलात्कार ठरत नव्हता, कारण तेव्हा संमतीचं वय होतं दहा. नवऱ्याला त्या मानाने किरकोळ शिक्षा झाली.

त्यानंतर जानेवारी १८९१ मध्ये सरकारने विधेयक आणलं : संमतीचं वय दहावरून बारा. फक्त बारा. आणि पुण्यात त्यावरून रणकंदन झालं.

विरोध करणारे सगळे दुष्ट होते असं म्हणणं म्हणजे इतिहासाची थट्टा होईल. टिळकांचा युक्तिवाद होता की परक्या सरकारला आमच्या घरात कायदा करू देऊ नका, सुधारणा समाजाने आपण होऊन करावी. हा मुद्दा आहे, तुम्ही त्याच्याशी वाद घालू शकता. त्यांनी सुधारकांना असंही सुचवलं की तुम्हीच आधी शपथ घ्या : मुलीचं लग्न सोळाच्या आत करणार नाही, मुलाचं विसाच्या आत करणार नाही, आणि अशा आणखी अटी. अर्धी सूचना, अर्धी कोपरखळी. आणि ती लागणारच होती, कारण सुधारकांच्या घरातही सगळं आलबेल नव्हतं. खुद्द रानड्यांची पहिली बायको १८७३ मध्ये वारली तेव्हा विधवेशी लग्न करण्याऐवजी त्यांनी वडिलांच्या शब्दाखातर अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. त्या रमाबाई रानडे पुढे केवढ्या मोठ्या झाल्या हे वेगळं. पण टोमणा मारणाऱ्याला आयतं हत्यार मिळालं, आणि खरं सांगू का, त्या टोमण्यात तथ्य होतं.

इथेच माझं आजचं म्हणणं येतं. ‘हे खरं आहे का?’ हा एक प्रश्न. ‘हे सांगणारे तुम्ही कोण?’ हा दुसरा. उपरोध करणारा बहुतेक वेळा पहिल्याच्या जागी दुसरा ठेवतो, आणि इतक्या सफाईने ठेवतो की आपल्याला कळतही नाही. फुल्यांचं व्याकरण चुकतं, म्हणून शिक्षणबंदीचा प्रश्न गेला. रानड्यांनी दुसरं लग्न केलं, चहा प्यायला, म्हणून बालविवाहाचा प्रश्न गेला. ताराबाई बाई आहेत, म्हणून सगळंच गेलं. दांभिकपणा उघडा पाडला की काहीतरी सुटल्यासारखं वाटतं. पण रानडे दांभिक ठरल्यामुळे कलकत्त्यातली मुलगी काही जिवंत झाली नाही. तिचं वय दहाच राहिलं.

१९ मार्च १८९१ ला कायदा मंजूर झाला.

स्वतःची प्रेतयात्रा

शेवटचं नाव आगरकर. टिळकांचे कॉलेजपासूनचे मित्र. ‘केसरी’चे पहिले संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी एकत्र १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढले. मग सुधारणेच्या प्रश्नावर फाटलं. १८८७ मध्ये आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी पत्र काढलं. नाव काय ठेवलं? ‘सुधारक’. जी शिवी म्हणून वापरत होते तीच पाटीवर लावली. हे मला फार आवडतं.

पुण्यातल्या लोकांनी आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. तिरडी, बोंबाबोंब, सगळं साग्रसंगीत. दम्याने खंगलेला माणूस, पगार बेताचा, आणि रस्त्यावरून स्वतःचीच तिरडी जाताना बघतोय. ज्यांनी ती काढली ते रात्री घरी जाऊन पोट धरून हसले असतील. १७ जून १८९५ ला आगरकर खरोखर गेले. वय अडतीस. अंत्यविधीसाठी लागणारे पैसे त्यांनी पुडीत बांधून उशाशी ठेवले होते असं सांगतात.

आगरकर गप्प बसले नाहीत, ताराबाई गप्प झाल्या. हा फरक स्वभावाचा आहे असं मला वाटत नाही. आगरकरांकडे स्वतःचं पत्र होतं, कॉलेज होतं, गोपाळ कृष्ण गोखल्यांसारखा इंग्रजी बाजू सांभाळणारा सहकारी होता. ताराबाईंकडे नऊ आण्यांचं एक पुस्तक होतं. म्हणजे टोमणा सगळ्यांवर सारखाच पडला तरी लागतो वेगवेगळा. ज्याच्यापाशी उत्तर द्यायला जागा आहे तो टिकतो. ज्याच्यापाशी नाही तो पुन्हा लिहीत नाही, आणि आपल्याला कळतही नाही की कोणीतरी लिहायचं थांबलंय.

चिपळूणकरांचं काय मग? त्यांना मोडीत काढायचं? मुळीच नाही. पाद्र्यांच्या अहंकारावर त्यांनी जो उपरोध चालवला त्याने एका पिढीला मान वर करायला शिकवलं. त्यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा शेवटचा निबंध पुढे १९१० मध्ये इंग्रज सरकारने जप्त केला आणि १९३७ पर्यंत त्यावर बंदी होती. म्हणजे सरकारला त्या शब्दांची भीती वाटत होती. तोच माणूस, तीच लेखणी, तीच शैली. एका ठिकाणी ती साम्राज्याला बोचली, दुसऱ्या ठिकाणी तिने शाळेबाहेर उभ्या असलेल्या माणसाचं व्याकरण तपासलं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्र सांगितल्याशिवाय चिपळूणकर पुरे होत नाहीत.

तर मंडळी, टोमणे वाचा, हसा, मीही हसतो. मराठी माणसाने टोमणा सोडला तर आपल्याकडे उरेल काय, भडंग? फक्त पुढच्या वेळी एखादं तिरकस वाक्य फारच आवडलं, तर फॉरवर्ड करण्याआधी बघा, त्यात पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे की दुसऱ्याचं. मग ते तुमच्या बाजूचं असो नाहीतर समोरच्या.

पुढच्या भागात डोंगरीच्या तुरुंगातले ते १०१ दिवस. टिळक आणि आगरकर एका खोलीत, रात्रभर वाद घालतायत. तोपर्यंत ऐकत राहा, आणि हो, भाग आवडला नाही तर तसं सरळ लिहा. टोमणाही चालेल, फक्त आत काहीतरी असू द्या.